पळत्या पोरीची सोबत

जिजाबाईला कुत्र्यांची भीती होती, आणि ती ऐकीव नव्हती. आरोग्य खात्यात नर्सबाई म्हणून तिची अर्धी नोकरी खेड्यापाड्यांत गेली. पिसाळलेलं कुत्रं चावलं की त्या काळी पोटात इंजेक्शनं घ्यावी लागत. चांगले धिप्पाड गडी टेबलावर आडवे होऊन ओठ चावत, लेकरं आईच्या अंगात शिरत, आणि जिजाबाई बेंबीजवळची कातडी चिमटीत धरून सुई टोचत असे. इंजेक्शनाला फार उशीर झालेला एक माणूसही तिनं पाहिला होता. पाण्याचा पेला पुढे केल्यावर तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही. तेव्हापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की ती लूना थांबवायची आणि ते निघून जाईपर्यंत एक पाय जमिनीवर टेकवून उभी राहायची.

अशा बाईनं आपणहून घरात कुत्रं आणलं, ते लेकीसाठी.

लेक एकच, प्रेरणा. नवरा रूपराव एसटीत कंडक्टर होता. काविळीचं निमित्त झालं आणि पोरगी चौथीत असताना गेला. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत दोन खोल्यांचं घर तेवढं उभं करून गेला. प्रेरणा बापासारखी उंच, सडपातळ, अबोल. शाळेच्या स्पर्धेत एकदा ती मुलांच्याही पुढे पळाली, तेव्हा खेळाचे मास्तर प्रभाकरराव जिजाबाईला भेटायला घरी आले. म्हणाले, "बाई, पोरीच्या पायात दम हाय. हिले रोज लांब पळू द्या. पोलीस भरतीत सहज निघून जाईन."

जिजाबाईच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. खाकी कपड्यातली आपली पोरगी तिला भांडी घासतानासुद्धा दिसू लागली.

मग रोज फटफटायच्या वेळी मायलेकी निघायच्या. प्रेरणा पवनारच्या रस्त्यानं पळायची आणि जिजाबाई लूनावर मागं मागं. बाजूला तुरीची वावरं, अधूनमधून बैलगाडी, दुधाच्या कॅन लावलेले सायकलवाले. कोणी ओळखीचा विचारायचा, "सिस्टर, पोरीले घेऊन कुठं चालल्या?" जिजाबाई सांगायची, "पोरगी मले घेऊन चालली."

ते वर्षभर चाललं. पुढे, पोरगी दहावीत असताना, जिजाबाईची बदली देवळी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली. पहिल्या एसटीनं निघावं तेव्हा कुठे वेळेवर पोचता यायचं. लूना घरी राहिली आणि प्रेरणा एकटी पळू लागली.

थंडी पडायला लागली होती. एका संध्याकाळी जिजाबाई घरी आली तर प्रेरणाचं कोपर सोललेलं.

"पडली," प्रेरणा म्हणाली.

जखमा बघण्यात जिजाबाईचं आयुष्य गेलेलं. पळताना पडलं की आधी तळहात सोलतात, आणि हिचे तळहात कोरे होते. ती कापूस घेऊन बसली, आणि जखम पुसता पुसता सगळं बाहेर आलं. मोटारसायकलवर दोघं जण. चार-पाच दिवसांपासून मागं मागं यायचे, गाडी हळू करून बाजूनं चालवायचे, काहीबाही बोलायचे. आज मागच्यानं वेणी ओढली. प्रेरणानं रस्त्याकडेच्या नालीत उडी टाकली.

"कोण होते?"

"मले का माहीत, आई. तोंडाले रुमाल बांधून राहते."

जिजाबाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठाण्यात गेली. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, गाडीचा नंबर विचारला. नंबर कुठला असणार? मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुमी समजदार आहा. तरणी पोरगी अशा टायमाले रस्त्यावर पाठवताच काऊन?"

घरी येऊन जिजाबाईनं पोरीला सांगितलं की आता पळणं बंद. प्रेरणानं वाद घातला नाही, आणि हेच वाईट झालं. तिनं बूट धुतले, वाळवले, पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. सकाळी नेहमीच्या वेळेला तिला जाग यायची आणि ती अंथरुणात छताकडे बघत पडून राहायची. बाप गेल्यापासून या पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं. तिनं आपणहून धरलेली ही एकच गोष्ट होती. जिजाबाईला ते उघडे डोळे बघवेनात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे भैय्याजी म्हणाले, "सिस्टर, कुत्रा पाळा. पोरीसंगं पळन. कोनाची हिंमत होते मंग?"

जिजाबाईच्या अंगावर काटा आला. पण गोष्ट डोक्यातून जाईना.

आता कुत्रा घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न आला, आणि सगळी नालवाडी सल्ला द्यायला तयार. भैय्याजींचं मत डॉबरमनचं. "पाह्यला की माणूस उलट्या पावली पळते." आतून त्यांची बायको सुमित्राबाई बाहेर आली. "नोका घेऊ वं माय तो डॉबरमन! वयात आला की डोकं फिरते त्याचं. मालकालेच फाडते म्हणते." कोणी पॉमेरेनियन सुचवला, तो पळणार किती आणि घाबरणार त्याला कोण?

शेवटी ती गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर पुण्याकडचे, शांत स्वभावाचे. त्यांनी एका बकरीचं पोट चाचपता चाचपता विचारलं, "कुत्रा पळायला हवाय, की धाक दाखवायला?"

"दोन्हीले, साहेब."

"नुसतं पळायचं असेल तर आपल्या गावठी कुत्र्याला तोड नाही. इथल्या उन्हात टिकतो, काटक असतो. पण त्याला बघून गाडीवरचा माणूस थांबणार नाही. बॉक्सरचं नाक चपटं, मार्च लागला की धापा टाकेल. लॅब्रेडॉर गुंडापुढेही शेपूट हलवेल. अल्सेशियनचा धाक असतो, पळतोही चांगला. पण दोन गोष्टी सांगतो. पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईबापाची चाल बघून घ्या. आणि वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत त्याला डांबरी रस्त्यावर पळवू नका. हाडं कच्ची असतात."

घरी येईपर्यंत जिजाबाईनं विचार केला. गावठी कुत्रा दिसला की लोक दगड उचलतात आणि अल्सेशियन दिसला की रस्ता देतात. आपल्याला रस्ता पाहिजे. ठरलं.

सावंगीला प्रफुल नावाचा बांधकामाचा कंत्राटदार होता. त्याची आई रुख्माबाई खाटेवर पडून होती, तेव्हा जिजाबाईनं घरी जाऊन तिच्या पाठीच्या जखमा धुतल्या होत्या. त्याच्याकडची अल्सेशियन कुत्री व्याली होती. "सिस्टर, तुमाले नाई म्हणन का मी? पाह्यजे तो घेऊन जा," तो म्हणाला. मायलेकी गेल्या. पिल्लं पोत्यावर लोळत होती. त्यांची आई कोपऱ्यात मान टाकून बसली होती, अनोळखी माणसं आली तरी उठली नाही. जिजाबाईला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पण बाळंतीण आहे बिचारी, तिला कशाला उठवायचं, असं तिला वाटलं. बापाचा पत्ता प्रफुललाही नव्हता. तेवढ्यात एक पिल्लू दुडदुडत आलं आणि प्रेरणाच्या चपलेचा पट्टा दातात धरून ओढायला लागलं. कित्येक दिवसांनी पोरगी हसली. मग कसली चाल बघता!

त्याचं नाव प्रेरणानं बादल ठेवलं. सुरुवातीला जिजाबाई स्वयंपाकघराच्या दाराला फळी आडवी लावून आत बसायची. बादल फळीवर दोन पाय ठेवून तिच्याकडे बघत राहायचा. एका रविवारी ती ज्वारी निवडत असताना तो फळी ओलांडून आला आणि सरळ तिच्या पायावर डोकं ठेवून झोपला. ती आखडून बसून राहिली. पाय बधिर झाला तरी हलवला नाही. नंतर त्या फळीचं काही काम उरलं नाही.

प्रेरणा तोवर शाळेच्या मैदानावर गोल गोल पळत होती. पण लग्नसराईत मैदान मांडवासाठी जायचं, आणि एरवीही फाटकाला कधी कुलूप, कधी नाही. बादल वर्षाचा व्हायला अवकाश होता. पावसाळ्यात विभागीय स्पर्धेचं पत्रक आलं आणि प्रभाकरराव मास्तर म्हणाले, "मैदानावर चकरा मारून लांबचा दम येत नाई. हिले रस्ता पाह्यजे."

प्रेरणानं आईकडे पाहिलं. बादल तेव्हा आठ महिन्यांचा, पण दिसायला पुरता दांडगा. कान उभे, छाती रुंद.

"थोडा थोडा पळव," जिजाबाई म्हणाली. "थकला तं थांबजो."

थोडा थोडा हे दोन दिवस टिकलं. बादलला पळायचं वेडच होतं. प्रेरणा थांबली तर तो पट्टा ओढायचा. दोघं उजेड व्हायच्या आत निघायची आणि ऊन अंगावर यायच्या आत परत. आणि खरंच, रस्ता बदलला. ते मोटारसायकलवाले एकदाच आले. गाडी हळू झाली, बादल गुरगुरला, गाडीचा आवाज एकदम वाढला आणि लांब गेला. पुन्हा ते दिसले नाहीत. दूधवाले सायकलवरून उतरून बाजूला उभे राहायचे आणि "काय साहेब" म्हणून बादललाच नमस्कार घालायचे.

त्या हिवाळ्यात प्रेरणा विभागीय स्पर्धेत दुसरी आली. जिजाबाईनं उपकेंद्रावर पेढे वाटले. देवळीहून परतताना एसटीच्या खिडकीशी बसून ती कितीतरी वेळ आपली आपणच हसत होती. आपण कुत्रा बरोबर निवडला, असं तिला वाटलं. तिच्या आयुष्यातले हेच काही महिने असे गेले, की त्यांत तिनं ठरवलं आणि तसं झालं.

होळीनंतर बादल एकदा रस्त्यातच खाली बसला.

काटा रुतला असेल म्हणून प्रेरणानं पंजे तपासले. काही नव्हतं. थोड्या वेळानं उठला आणि चालत आला. पुढे हे वारंवार व्हायला लागलं. पळताना त्याची मागची बाजू डोलायची, मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम पडायचे. प्रेरणा पुढे जायची, मग मागं वळून बघायची, तो बसलेला असायचा. परत यायची, त्याला उठवायची, पुन्हा निघायची. उन्हाळाभर तिचं पळणं असं झालं, चार पावलं पुढे आणि एक नजर मागं.

गुरांच्या डॉक्टरांनी बादलला आडवं पाडून मागचे पाय ताणून बघितले. तो कण्हला. "फोटो काढावा लागेल," ते म्हणाले. जनावरांचा एक्स-रे वर्ध्यात कुठे होणार? जिजाबाईनं ओळखीच्या एका एक्स-रेवाल्याचे पाय धरले. त्यानं भर दुपारी, पेशंट नसताना, मागच्या दारानं आत घेतलं. बादलला टेबलावर तिनंच धरून ठेवलं. माणसांना धरून ठेवावं तसं, अंगाखाली हात घालून.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली. "खुब्याची वाटी उथळ आहे. हाड नीट बसतच नाही. हे बहुतेक आईबापाकडून येतं."

"अन् लवकर पळवलं म्हणून?"

डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली. "त्यानं वाढलं असेल. पण व्हायचं होतंच, बाई."

"औषध?"

"दुखणं कमी करायच्या गोळ्या देतो. पळणं पूर्ण बंद."

जिजाबाईला सावंगीच्या त्या कोपऱ्यात मान टाकून बसलेली कुत्री आठवली. ती का उठली नव्हती, ते आता कळून काय उपयोग?

आता बादलला कोण सांगणार? सकाळी प्रेरणानं बुटाची नाडी बांधायला घेतली की तो फरपटत, धडपडत फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. ती त्याला आत कोंडून गेली तर दार ओरबाडायचा. कोंडलेल्या कुत्र्याचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं, आणि प्रेरणा तिथूनच परत फिरायची. भैय्याजी म्हणाले, "सिस्टर, याले लांब कुठंतरी सोडून द्या अन् दुसरा आना." जिजाबाईनं त्यांच्या दुकानात जाणंच काही दिवस बंद केलं. जवळ बदली मिळावी म्हणून ती खात्यातल्या साहेबांकडे दोनदा गेली. साहेब म्हणाले, "बाई, प्रत्येकाच्या घरी काही ना काही आहेच."

तेवढ्यात पोलीस भरती निघाली. प्रेरणा अठराची झाली होती. जिजाबाईनं शिल्लक राहिलेली सगळी रजा टाकली, लूना दुरुस्त करून घेतली आणि महिनाभर पुन्हा पोरीच्या मागं निघाली. बादलला शेजारच्या मनकर्णाबाईंकडे ठेवायचं, म्हणजे माणसाच्या सोबतीनं तो रडायचा नाही. प्रेरणा चांगली पळत होती. फक्त थोड्या थोड्या वेळानं ती मान वळवून मागं बघायची.

"मी हावो ना वं मागं," जिजाबाई ओरडायची. "काऊन पाह्यतं?"

"सवय झाली, आई."

भरतीच्या दिवशी पालकांना मैदानात सोडत नव्हते. जिजाबाई तारेच्या कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पोरींच्या छातीवर नंबर लावलेले. शिटी झाली. प्रेरणा पहिल्या चकरेत पुढच्या घोळक्यात होती, दुसरीतही. बापाची लांब पावलं, खांदे सैल, चेहरा शांत. जिजाबाईच्या शेजारी उभा असलेला एक बाप म्हणाला, "ते उंच पोट्टी निघते पाहा." तिनं त्याला सांगितलं नाही की ती माझी आहे. दृष्ट लागेल असं वाटलं.

शेवटच्या चकरेचं वळण आलं आणि प्रेरणानं मागं बघितलं. तिचं पाऊल हळू झालं. नुसती नजर नाही, ती जवळजवळ थांबली, मागच्या रिकाम्या जागेकडे बघत, कोणाला तरी वेळ द्यावा तशी. दोन पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या. मग आणखी काही.

"प्रेरणा! पळ वं! पळ!" जिजाबाई ओरडली. पण कुंपणाशी शंभर माणसं ओरडत होती, आणि त्या गलक्यात आईचा आवाज वेगळा कसा ओळखू येणार? तारेचं टोक तिच्या तळहातात रुतलं होतं. ते तिला नंतर कळलं.

प्रेरणाच्या लक्षात आलं तेव्हा ती जीव तोडून पळाली. थोडक्यासाठी गेलं. यादीत नाव आलं नाही.

त्या दिवशी बस स्टँडवर दोघी बराच वेळ बसून होत्या. जिजाबाईनं चहा आणला, तो तसाच निवला. मग प्रेरणा म्हणाली, "आई, मले वाटलं तो बसला."

जिजाबाईनं निवलेला चहा बाजूला सरकवला. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मोटारसायकलवर रुमाल बांधून आलेली ती दोघं आज कुठे असतील, घरी असतील, जेवत असतील, असा विचार तिच्या मनात आला. त्यांना तर आपण काय केलं हे माहीतही नसेल.

मास्तर म्हणाले पुढच्या वर्षी पुन्हा बघू. प्रेरणानं मान डोलावली, पण ती पुन्हा पळाली नाही. डी.एड. केलं, आर्वीकडच्या एका गावात शिक्षिका म्हणून लागली, तिकडेच खोली घेतली. पोरगी कमावती झाली, चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. चांगलंच झालं होतं. जिजाबाईही तेच म्हणायची.

बादल आईजवळ राहिला. त्याचे मागचे पाय हळूहळू पूर्ण गेले. जिजाबाई उपकेंद्रावरून आली की जुन्या लुगड्याचा पट्टा त्याच्या पोटाखालून घालायची, मागची बाजू उचलून धरायची, आणि तो पुढच्या दोन पायांवर गल्लीत फिरून यायचा. पोरं हसायची. तिची कंबर धरायची. शेवटी शेवटी त्याला अंथरुणात जखमा व्हायला लागल्या. रुख्माबाईंच्या धुतल्या होत्या तशाच त्याही ती रोज धुवायची, पावडर लावायची, कूस बदलून द्यायची. एक भरत आली की दुसरी उघडायची.

डॉक्टर एकदा घरी येऊन बघून गेले. म्हणाले, "एक इंजेक्शन दिलं तर सुटेल. तुम्ही सांगाल तेव्हा येईन."

ती म्हणाली, "पाहू." आर्वीला फोन केला. पलीकडून प्रेरणानं आधी तो जेवतो का ते विचारलं. मग म्हणाली, "तुले जे बरोबर वाटन ते कर, आई." फोन ठेवून जिजाबाई तशीच बसली. आजवर किती जणांच्या अंगात तिनं सुई टोचली असेल, पण या एका सुईला हो म्हणायला तिची जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पावसाळा अर्धा सरला.

श्रावणातल्या एका सकाळी बादलनं दूध घेतलं नाही. तिनं रजेचा निरोप पाठवला आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं. डॉक्टर कुठल्या तरी खेड्यात गेले होते, दुपारनंतर येतील असं कळलं. ती बादलजवळ जमिनीवर बसली. त्यानं मान उचलून तिच्या पायावर ठेवायचा प्रयत्न केला, ती तिनंच उचलून घेतली. तो जोरजोरात श्वास घेत होता. बाहेर शाळेत जाणाऱ्या पोरांचा गलका झाला आणि ओसरला. डॉक्टरांची गाडी दारात थांबली तेव्हा बादल गेला होता, आणि जिजाबाई माश्या हाकलत बसली होती.

"मी जरा लवकर यायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले.

"नाई साहेब," ती म्हणाली. "मीच आधी बोलावलं नाई."

मग तिनं डॉक्टरांना बसायला खुर्ची दिली आणि चहा ठेवायला आत गेली.